ते अजून वर आहे का?

ऑक्टोबर २००३

प्रिय तोकिहिकोदादा,

आई गेली. शरदातल्या पितरांच्या आठवड्यात, दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. त्रास झाला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. सत्त्याऐंशी वर्षांचं हृदय थकणारच. तिच्या ओठांना पाणी मीच लावलं, पुढे मीच चालले, आलेल्यांसमोर मीच वाकले. ही थोरल्या मुलाची कामं, पण तू नव्हतास. तक्रार नाही. काय झालं ते तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचेल की नाही, मला सांगता येत नाही. मच्छीमार सोसायटीतला हिदाका या जूनमध्ये आपल्या प्रांताच्या मंडळींबरोबर ब्राझीलला गेला होता. तिथल्या आपल्या लोकांच्या संघाचा काही समारंभ होता. साओ पाउलोपासून बरंच आत एका गावाच्या आठवडी बाजारात त्याला अंडी आणि मुळे विकणारा एक म्हातारा दिसला, आपल्या बोलीत बोलणारा. हिदाकाने विचारलं, "तुम्ही खाडीवरच्या हामासाकींचे तर नाही ना हो?" तो म्हणाला, "मी कोणाचाच नाही. अंडी किती देऊ?" हिदाकाने डझनभर घेतली. हॉटेलात राहणाऱ्या माणसाने कच्च्या अंड्यांचं करायचं काय, हे त्याला नंतर सुचलं. त्या माणसाने टोपी कपाळावर ओढली होती, त्यामुळे भुवईवरचा गळाचा व्रण होता की नाही ते हिदाकाला दिसलं नाही. परत आल्यावर तो हे कोणालाच बोलला नाही. आईला खोटी आशा कशाला, असं त्याला वाटलं. आई गेल्यावर मला सांगितलं. म्हणून हे पत्र तिथल्या संघाच्या चिटणिसांकडे पाठवते आहे, बाजारात अंडी विकणाऱ्या कागोशिमाकडच्या माणसाला द्यावं म्हणून. तू तो नसशील, तर जो वाचतो आहे त्याने मला माफ करावं आणि पत्र जाळून टाकावं.

उत्तर हवं आहे ते एका गोष्टीसाठी. बाबांच्या कबरीवर, दगड उभा केला तेव्हा, उभारणाऱ्यांची दोन नावं कोरली होती, आईचं आणि तुझं. जिवंत माणसाचं नाव लाल ठेवायचं, म्हणून दोन्हींत लाल रंग भरलेला. आईच्या नावातला रंग आता काढायचा आहे. एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीआधी ते झालं पाहिजे. पाथरवट मारुनो ब्रश आणि बादली घेऊन आला, आईच्या नावापाशी बसला आणि मग मान वर करून मला म्हणाला, "ताई, आलोच आहे तर दादांचंही घासून टाकू का? एका खेपेत होईल." वाईट हेतूने नाही विचारलं. चौतीस वर्षं ज्याचा पत्ता नाही, त्याचं नाव किती दिवस लाल ठेवायचं, असं इतरांनीही मला आडून विचारलं आहे. किनुमावशी शेजारी उभी होती. तुला आठवेल, महिला मंडळाची पुढारी, आता काठी घेऊन चालते पण आवाज तसाच आहे. ती म्हणाली, "अरे मारुनो, माझंही नाव लाल आहे, येतोस का घासायला? उद्या मरणारच आहे, तुझी खेप वाचेल." तो लाजला. मी त्याला म्हटलं, थांब, मला विचारायचं आहे. कोणाला, ते त्याने विचारलं नाही.

तू गेलास तेव्हा मी पंचवीसची होते. टपाल कार्यालयातल्या टेलिफोन फळ्यावर माझी सकाळची पाळी होती, म्हणून तुला बसवर सोडायलाही आले नाही. घरी परतले तर आई चुलीपुढे बसली होती. "गेला," एवढंच म्हणाली. भांडण झालं का, विचारलं तर म्हणाली, "भांडण कसलं? चहा प्याला आणि गेला."

तुझा राग मला समजत होता. बाबांच्या माघारी तू शाळा सोडून होडीवर गेलास आणि मोठेपणी एइकिचीबरोबर स्वतःची बोट घेतलीस. त्याच वर्षांत आपल्या डोंगरावर टोकियोची माणसं आकाशात यानं सोडायला आली. प्रक्षेपणाचा दिवस ठरला की खाडीतल्या बोटी बांधून ठेवायच्या. मग वारा आला, ढग आले, कुठे तार निघाली की दिवस पुढे. नेमके ते थंडीतले, बुरी मासा किनाऱ्याला येण्याचे दिवस. तू आणि एइकिची धक्क्यावर बसून डोंगराकडे बघायचात. एइकिची म्हणायचा, "त्यांची काठी हलत नाही आणि आपली बोटही हलत नाही. दोघांचं नशीब एकच." तू हसायचा नाहीस.

आणि आई त्याच डोंगरावर. रस्ता करताना मंडळाच्या बायकांनी टोपल्यांनी माती वाहिली त्यात ती होती. नंतर त्या माणसांना रांधून घालणाऱ्यांत ती होती. प्रत्येक उड्डाणाच्या आधी बायका अझुकीचे लाल दाणे भिजवायच्या, यश आलं की लाल भात करायचा म्हणून. भिजवायचं काम आईकडे. पहिलं यान पडलं, तेव्हा दाणे भिजले होतेच, म्हणून भात केला आणि सगळ्यांनी न बोलता खाल्ला. दुसऱ्याला तसंच, तिसऱ्याला तसंच. चौथ्या वेळी टोकियोच्या साहेबांपैकी एकजण ताटासमोर रडला. तू घरी येऊन ती हंडी बघितलीस आणि म्हणालास, "सणाचा भात सुतकात खायची पद्धत फक्त आपल्याच घरात." आईने तुझ्यापुढे भात ठेवला. तू खाल्ला नाहीस. बोट तोवर कर्जात गेली होती. पुढच्या महिन्यात तू गेलास.

त्याच दिवसापासून आईने वाटेवरच्या माणसाचं ताट मांडायला घेतलं. गरम भात, सूप, काड्या, वाट्यांवर झाकणं, तुझ्या जागेवर. आपलं जेवण झालं की सूपाचं झाकण उचलून बघायची. आतून थेंब धरलेले असले की तू सुखरूप. मग ते जेवण ती स्वतःच संपवायची. तू कळवलं होतंस ते ब्राझीलच्या सांतोस बंदरातून एका कार्डावर, "पोचलो" एवढंच. ते यायच्या आधीपासून आई रोज तेच सांगत होती.

तुझ्या खोलीत तेव्हा निइत्सु नावाचा एक तरुण राहायला आला. डोंगरावर रेडिओच्या यंत्रांवर काम करायचा. हाडाचा सभ्य, पण पोटभर शिकलेला. एकदा जेवताना त्याच्याने राहवलं नाही. म्हणाला, "काकू, गरम सूपावर झाकण ठेवलं तर थेंब येणारच ना? कधी आले नाहीत, असं झालंय का?" आई म्हणाली, "एकदा झालंय. यांच्या वडिलांच्या ताटाला. लढाईचं शेवटचं वर्ष, सरपण नव्हतं, सूप गारच वाढलं होतं." त्यानंतर निइत्सु जेवायला बसताना तुझ्या ताटालाही मान झुकवायचा.

पुढच्या फेब्रुवारीत पाचवी वेळ आली. मंडळाच्या बायकांनी कागदाचे करकोचे दुमडून माळा केल्या. आईनेही केल्या. दाण्यांवरून मात्र खडाजंगी झाली. किनुमावशी म्हणाली, "सेत्सु, तू भिजवलेस की ते पडतं. चारदा बघितलं. या खेपेला मी भिजवते." आई म्हणाली, "म्हणजे पडलं तर माझ्या हातानं आणि चढलं तर तुझ्या? वा गं वा." मावशी म्हणाली, "मग निदान पाणी तरी माझ्या विहिरीचं घे." सगळ्या हसल्या. आई हसली नाही. तिने दाण्यांचं भांडं उचललं आणि बराच वेळ ते हातातच धरून उभी राहिली. मावशीला वाटलं, ती रुसली. "बरं बाई, तूच भिजव," मावशी म्हणाली. मग आईने पाणी घातलं.

त्या दिवशी मी फळ्यावर होते. दुपारी डोंगराकडून आवाज आला, खिडक्यांची तावदानं थरथरली आणि मग गाव गप्प झालं. चार वेळा सवय झाली होती, आवाजाने कोणी टाळ्या वाजवत नव्हतं. ते पृथ्वीभोवती एक फेरा मारून परत आपल्या डोक्यावरून जाईल आणि त्याचा आवाज ऐकू येईल, तेव्हाच खरं, असं निइत्सुने सांगून ठेवलं होतं. दोन-अडीच तास लागले. त्या वेळात फळ्यावर एकही फोन आला नाही. मग सगळे दिवे एकदम लागले. टोकियो, ओसाका, वर्तमानपत्रं, कोणाची तरी आई, कोणाची तरी बायको. मी हाताने जेवढ्या जोडता येतील तेवढ्या तारा जोडत होते. आपल्या देशाचा पहिला उपग्रह, असं करणारा जगात चौथा देश, आणि नाव आपल्या द्वीपकल्पाचं, ओसुमी. एक माणूस नुसतं "चढलं, चढलं" म्हणत होता. पलीकडच्या बाईने विचारलं, "काय चढलं? ताप?"

संध्याकाळी कंदील घेऊन मिरवणूक निघाली. चार वेळा सुतकात खाल्लेला भात त्या दिवशी सणासारखा खाल्ला गेला. एइकिचीनेही खाल्ला, दोनदा. मी घरी आले तर आई आधीच आलेली. एप्रन घडी करून ठेवला होता आणि तुझं ताट मांडलं होतं, त्यात लाल भात. झाकण उचललं, थेंब होते. ती म्हणाली, "राहिलं म्हणतात वर." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "चांगलं झालं." मग तुझा भात तिने नेहमीसारखा स्वतः खाल्ला नाही, देवापुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज बंद पडला. वर गेल्यावर आतली यंत्रं तापली आणि बॅटरी संपली, असं निइत्सु म्हणाला. गावाचं तोंड उतरलं. एका दिवसाचं बाळ गेलं, असं कोणी म्हणालं. आईने निइत्सुला गाठलं. "म्हणजे ते खाली आलं?" निइत्सुला वाटलं, ती कष्टी झाली आहे. समजूत घालत म्हणाला, "छे छे काकू, खाली कुठलं! नुसतं बोलायचं थांबलं. फिरतंय तसंच. त्याला खाली यायला वर्षानुवर्षं लागतील." आईने विचारलं, "किती?" तो म्हणाला, "कोणी नक्की सांगू शकत नाही. तीस, चाळीस, पन्नास. तुमच्या हातचा भात खाऊन गेलंय, दमणार नाही लवकर." आई पायरीवर बसली. तो हसला, तीही हसली. मला ते हसू तेव्हा उमगलं नाही.

नंतरची वर्षं सांगण्यासारखी फार नाहीत. सांतोसच्या कार्डानंतर तुझं काही आलं नाही. मी दूतावासाला लिहिलं, संघाला लिहिलं, उत्तरं सभ्य आली. हाताने जोडायचा फळा गेला, मला खिडकीवर बसवलं, तिथूनच मी निवृत्त झाले. लग्न केलं नाही. त्याची कारणं वेगळी आहेत, तुझ्याशी संबंध नाही. एइकिची आठ-दहा वर्षांपूर्वी गेला. डोंगरावरून पुढे कितीतरी मोठी यानं गेली, धूमकेतूंकडेही गेली. बोटींचा आणि त्यांचा करार झाला, भांडणं मिटली. ताट रोज मांडलं जात होतं. मामांनी एकदा सुचवलं की कोर्टाकडून कागद करून घ्यावा, इतकी वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाला मृत ठरवता येतं. आई म्हणाली, "आवाज बंद झाला म्हणून फिरणं थांबतं का? निइत्सुला विचारा." मामांना वाटलं, म्हातारीचं डोकं त्या यानात अडकलं आहे.

गावालाही तसंच वाटायचं. दर फेब्रुवारीला स्मारकापाशी कार्यक्रम होतो, भाषणं होतात. आई न चुकता जायची, पुढच्या खुर्चीत बसायची आणि डोंगरावरच्या जो कोणी नवा अधिकारी असेल त्याला विचारायची, "अजून वर आहे का?" तो म्हणायचा, "आहे आजी, ठणठणीत आहे." ती मान हलवायची आणि भाषणाआधीच घरी यायची. तिची ख्याती झाली. नगराध्यक्ष भाषणात म्हणाले, "हामासाकी आजी त्याची चौकशी पोटच्या मुलासारखी करतात." टाळ्या वाजल्या. टीव्हीवाले आले. त्यांनी विचारलं, आजी, त्याला काही सांगायचं आहे का? ती म्हणाली, "खाली ये म्हणावं." सगळे हसले. दाखवताना ते वाक्य कापलं आणि ती मान हलवते तेवढंच दाखवलं.

आणि मग या ऑगस्टच्या दुसऱ्या तारखेला ते खाली आलं. आफ्रिकेच्या वाळवंटावर, हवेतच जळून गेलं म्हणे. जमिनीवर काही पडलं नाही. वर्तमानपत्रात कोपऱ्यात चार ओळी होत्या. नगरपालिकेतल्या ओकुबोबाई फुलं आणि मिठाई घेऊन आईकडे आल्या. सुतकाला येतात तसं दारातच खालच्या आवाजात म्हणाल्या, "आजी, गेलं हो आपलं ओसुमी." आईने विचारलं, "नक्की? म्हणजे आता वर नाही?" त्या म्हणाल्या, "नाही." "तुकडासुद्धा नाही?" "नाही हो आजी, काहीच उरलं नाही." आईने त्यांचे हात धरले. "फार उपकार झाले," म्हणाली. ओकुबोबाई मिठाई ठेवून गेल्या. आईने ती लगेच खाल्ली.

त्या दिवशी आईने मला तुझ्या खोलीतली गादी उन्हात टाकायला लावली. शोचू दारूची बाटली आणवली. रताळ्याचीच हवी, दुसरी नको. संध्याकाळी मी सवयीने ताट मांडलं, तर तिने झाकणं काढून फडताळात ठेवली. म्हणाली, "वाटेत असणाऱ्याचं झाकून ठेवायचं. घरी निघालेल्याचं नाही. तो आला की गरम वाढायचं." त्यानंतर तुझ्या जागी नुसती रिकामी वाटी आणि काड्या असायच्या. बसची वेळ झाली की ती दात लावायची. एरवी दुखतात म्हणून काढून ठेवायची. बस गेली की पुन्हा पेल्यात. किनुमावशी म्हणाली, "सेत्सु, जावई येणार आहे की काय गं? फुसाएला या वयात मिळाला कुठे?" आई म्हणाली, "तू गप्प बस आणि तुझे दात सांभाळ." जवळजवळ दोन महिने हे चाललं. ती दुःखी नव्हती, एवढं मला खात्रीने सांगता येतं. ज्या दुपारी गेली त्या दुपारीही दात लावलेलेच होते, म्हणून चेहरा चांगला दिसला.

आता शेवटचं, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. हिदाकाने आणखी एक गोष्ट सांगितली. तो माणूस अंडी कागदात बांधत होता, तेव्हा मान वर न करता त्याने विचारलं, "आणि ते? अजून वर आहे का?" हिदाका अभिमानाने म्हणाला, "आहे की! फिरतंय." त्यावर त्याने एक अंडं जास्त घातलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. हिदाकाला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं, कारण गादी उन्हात टाकली त्या दिवशी आईने मला तुझं निघतानाचं बोलणं सांगितलं होतं. तू स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणालास, "चारदा पडलं, पाचव्यांदाही पडेल. आणि चढलंच तुमचं ते, तर ते खाली येईपर्यंत मी या दारात पाय ठेवणार नाही." ती म्हणाली, "बघू." मी तिला विचारलं, हे माहीत असून तू दाणे भिजवलेस? ती म्हणाली, "मग काय करू? इतक्या पोरांनी इतकी वर्षं घातली होती. माझा एक यावा म्हणून त्यांचं पडू दे, असं म्हणू? भिजवले. आणि मग रोज वाट बघितली, ते कधी पडतं त्याची." दादा, हिदाकाने जूनमध्ये तुला सांगितलं ते तेव्हा खरं होतं, आता नाही. वर काही उरलेलं नाही. तू तुझा शब्द पाळलास, तिनेही तिचं काम केलं, आता दोन्ही संपलं. मारुनोला मी सांगितलं आहे की आईचा रंग काढ, दादाचा राहू दे, जरा फिका झालाय तो नवा भर. उत्तर लिहायचं नसेल तर लिहू नकोस, नुसता ये. कानोयाहून येणारी बस आता बंदरावर थांबत नाही, टपाल कार्यालयासमोर थांबते. तिथून घराची वाट तीच आहे.

तुझीच,
फुसाए